कॉर्कसाठी झाडं पाडतात म्हणे!

कॉर्क फ्लोअरिंग घेऊ नका सांगणारी ती पोस्ट परत फिरायला लागलीये. त्यात म्हटलंय की कॉर्कसाठी ओकची जंगलं तोडतात, त्यामुळे कॉर्क संपत आलंय, पाणी लागलं की ते सडतं आणि ‘नॅचरल’ वगैरे सगळं मार्केटिंग आहे. यातला शेवटचा मुद्दा तेवढा थोडाफार खरा आहे, आणि नेमका तोच एका ओळीत उरकलाय.

आधी झाडांचं बघू. अहो, झाड तोडत नाहीत, सोलतात! कॉर्क ओकची बाहेरची जाड साल म्हणजेच कॉर्क, मे ते ऑगस्टमध्ये ती आतल्या थरापासून सुटायला सोपी असते, तेव्हा कुऱ्हाडीने चिरा देऊन मोठमोठे तुकडे अलगद उचकटतात, घाव जरा खोल गेला तर झाडाला इजा होते म्हणून हे काम कुणाही ऐऱ्यागैऱ्याच्या हातात देत नाहीत. मग खोडावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा रंगवतात, म्हणजे पुढची पाळी कधी ते कळतं. जगातलं जवळपास निम्मं कॉर्क पोर्तुगालचं, आणि तिथे दोनदा सोलण्यात किमान ९ वर्षांचं अंतर ठेवायचा कायदाच आहे, परवानगीशिवाय झाड पाडताही येत नाही. तिथल्या आगुआस द मोउरा गावातलं १७८३ साली लावलेलं झाड १८२० पासून वीसहून जास्त वेळा सोललंय. कत्तल म्हणतात ती ही का?

कॉर्क संपत नाहीये, सावकाश येतं. पहिली साल निघायलाच साधारण २५ वर्षं जातात आणि बाटलीच्या बुचाला चालेल असा माल तिसऱ्या सोलणीला, म्हणजे चाळिशीनंतर मिळतो. पण फ्लोअरिंगला तो उंची माल लागतच नाही, बुचं कापून उरलेलं आणि पहिल्या सोलणीतलं खडबडीत कॉर्क दळून, दाबून त्याच्या टाइल्स होतात. उलट मला वाटतं कॉर्क विकलं जाणं थांबलं तर धोका जास्त, कारण मग मालक ती झाडं कशासाठी सांभाळेल?

पाण्याने सडतं म्हणे, मग वाइनच्या बाटलीत बूच वर्षानुवर्षं कसं टिकतं? कॉर्कच्या पेशी बंद असतात, आत हवा आणि भिंतीत सुबेरिन नावाचा मेणासारखा पदार्थ. अमेरिकन आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटने त्याच्या फॉलिंगवॉटर या प्रसिद्ध घराच्या बाथरूममध्येही कॉर्क लावलंय. फुगतो तो क्लिक-लॉक, म्हणजे एकमेकांत अडकवायच्या पट्ट्यांमधला एचडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाचा) थर, सांध्यातून पाणी आत गेलं की तो गेलाच.

आता मार्केटिंग. दळलेलं कॉर्क आपोआप चिकटत नाही, फ्लोअरिंगमध्ये बहुतेक वेळा पॉलियुरेथेनसारखा बाइंडर, म्हणजे कृत्रिम गोंद असतो, काही प्रॉडक्टमध्ये वर चक्क व्हिनाइलचा, म्हणजे प्लास्टिकचा थर असतो, आणि असल्या पट्टीवर झाडाचं चित्र छापलं म्हणून ती निसर्गाची देणगी होत नाही. निव्वळ कॉर्कच हवं असेल तर वाफेवर फुगवलेलं काळपट कॉर्क मिळतं, त्यात सालीतलाच चिकटपणा कामी येतो, वेगळा गोंद नाही, पण ते भिंतीला आणि इन्सुलेशनला, चालायला नाही. म्हणून दुकानदाराला बाइंडर कोणता, मधला थर कशाचा आणि वरचं फिनिश काय हे विचारा, सॅम्पल कडेने बघा, थर दिसतातच.

आणि कॉर्कची खोडच काढायची होती तर उन्हाची काढायची, थेट ऊन पडलं की रंग उडतो, जड कपाटाच्या पायाखाली खड्डाही राहतो. हे मात्र पोस्टमध्ये कुठेच नाही.