तुमच्याकडे असली भानगड नसेल ना?

आमच्या दहावीच्या ग्रुपवर आठवडाभर आरटीईवरून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या प्रायव्हेट शाळांच्या राखीव मोफत जागांवरून, जुंपलीय. सोडतीची यादी लागली आणि आमच्या एका मित्राला कळलं की त्यांच्या सोसायटीत पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचा नातू आता त्याच्या धाकटीच्याच शाळेत, बहुतेक तिच्याच वर्गात बसणार. झालं. "आम्ही दीड लाख भरायचे आणि त्यांना फुकट", "मुलांची भाषा बिघडते", "टीचरचा सगळा वेळ त्यांच्यातच जातो", आणि माझं सगळ्यात लाडकं वाक्य म्हणजे "त्या पोरालाच कॉम्प्लेक्स येतो रे, त्याच्याच भल्यासाठी सांगतोय". एकाने उपाय पण सुचवला, त्यांची दुपारची वेगळी तुकडी काढा. एवढं झाल्यावर मला टॅग केलं, "अमेरिकावाले, तुमच्याकडे प्रायव्हेट शाळेत असली भानगड नसेल ना?"

आज इथे टू-अवर डिले होता, म्हणजे शाळा दोन तास उशिरा, बर्फ नावालाच पडला पण डिले झालाच, म्हणून सकाळी चहा घेत हे सगळं सलग वाचलं आणि डोकंच फिरलं.

असते रे बाबा, आमच्याकडे पण असते. कायद्याने नाही, शाळा स्वतःहून करते आणि वर त्याची जाहिरात करते. माझी मुलगी वॉशिंग्टन डीसीजवळ, मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीत ज्या डे स्कूलमध्ये जाते तिथली फी वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या वर आहे, आणि ओपन हाऊसला अॅडमिशनवाल्या बाईंनी कॅम्पस दाखवायच्या आधी काय सांगितलं असेल तर किती मुलांना फायनान्शियल एड, म्हणजे फीमध्ये सूट, मिळते ते. समोर जे पूर्ण फी भरणारे पालक बसले होते ते माना डोलवत होते. नाशिकमध्ये एखाद्या इंग्रजी शाळेच्या प्रिन्सिपॉलने पालकसभेत उभं राहून "आमच्याकडे आरटीईची एवढी मुलं आहेत, आम्हाला अभिमान आहे" असं म्हणून दाखवावं, मी तिकीट काढून ऐकायला येईन.

आपल्याकडे कायदा करून पण ही तऱ्हा. २००९ चा कायदा, विनाअनुदानित शाळांनी सुरुवातीच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांना द्यायच्या, पैसे सरकार देणार. शाळा कोर्टात गेल्या, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा उचलून धरला. मग फेब्रुवारी २०२४ ला महाराष्ट्र सरकारनेच पळवाट काढली, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर प्रायव्हेट शाळेला सूट. शहरात एक किलोमीटरच्या आत काय नसतं? त्या जुलैमध्ये हायकोर्टाने ते रद्द केलं आणि ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने पण तेच कायम ठेवलं. तेव्हा आमच्या ग्रुपवर कोणी हूं का चूं केलं नाही. आता पोळीवाल्या मावशींचा नातू आला म्हटल्यावर सगळ्यांना शिक्षणाचा दर्जा आठवला.

मुद्दा असाय की शेजारी कोण बसतं त्याने शिकणं बदलतं, आणि ते बिघडतच असं कोणी सांगितलं? इथे लेकीच्या हिस्ट्रीच्या वर्गात पंधराच मुलं, एका लंबगोल टेबलाभोवती, शिक्षक पण त्यांच्यातच बसलेले. ही पद्धत एक्झिटर नावाच्या बोर्डिंग शाळेतून आली, १९३० मध्ये एडवर्ड हार्कनेस नावाच्या श्रीमंत माणसाने तिला मोठी देणगी दिली ती मुलांना रांगेत न बसवता टेबलाभोवती बसवून शिकवा म्हणून. आता बऱ्याच प्रेप शाळांत, म्हणजे कॉलेजची तयारी करून घेणाऱ्या प्रायव्हेट शाळांत, आहे. बोलण्याला मार्क असतात, त्यामुळे पहिलं वर्ष आमच्या मुखदुर्बळ कन्येचं हाल हाल झालं, रिपोर्टमध्ये प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले होते आणि सगळ्यांचा सूर एकच, आम्हाला तिचं मत ऐकायला आवडेल. आमच्या वेळी वर्गात मत सांगितलं की बाहेर अंगठे धरून उभं करायचे.

तर त्या टेबलावर एकदा मिनिमम वेजचा विषय निघाला. मेरीलँडमध्ये ताशी १५ डॉलर आहे, ते जास्त की कमी. मुलं छान छान बोलत होती, महागाई वाढेल, छोटे धंदे बुडतील, कोणी कुठल्या पॉडकास्टमध्ये ऐकलेलं. मग एक मुलगी म्हणाली, माझी आई नर्सिंग होममध्ये (इथे म्हणजे म्हाताऱ्या माणसांना सांभाळतात ते) नाईट शिफ्ट करते, आणि तिने आईचा पगार, भाडं, बसचा पास असं सगळं तिथल्या तिथे बेरीज करून सांगितलं. नंतर वर्ग तिच्याच आकड्यांवर बोलत राहिला. लेक मला गाडीत सांगत होती, "मॉम, बाकी सगळे ओपिनियन देत होते, तिला एकटीला माहीत होतं". ह्या एका तासासाठी पूर्ण फी भरणाऱ्यांनी त्या मुलीच्या आईला उलट पैसे द्यायला पाहिजेत. आमच्या मित्राला हे लिहिलं तर त्याचं उत्तर, "आमच्या वर्गात फक्त ए फॉर अॅपल चाललंय". ठीकय, पण दहा वर्षांनी नसेल ना चालत.

बाकी इथलं सगळं ग्रेट आहे असं म्हणायचं नाही मला. एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स, आमच्या शाळेत नाहीत, २०१८ ला इथल्या आठ मोठ्या प्रायव्हेट शाळांनी मिळून एपी बंद करायचं जाहीर केलं, त्यात सिडवेल फ्रेंड्स, सेंट अल्बन्स, जॉर्जटाऊन डे वगैरे, आणि देशी पालकांत अजून त्याची चर्चा चालते की मग कॉलेजला दिसणार काय. रँक नाही, बोर्ड नाही, त्यामुळे मावशीला फोनवर "कितवी आली गं?" ह्याचं उत्तर देता येत नाही. दुपारी स्पोर्ट्स कंपल्सरी. लॅक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ) वाल्यांचं सामान बघितलं तर आपल्या घरात तेवढं सामान लग्नात आलं नव्हतं. आमची क्रॉस कंट्री पळते, त्याला नुसते बूट लागतात.

आणि कॉलेज काउन्सेलिंग. खरं तर पालक पैसे त्याचेच मोजतात, टेबलाबिबलाचे नाही. आमच्या इथल्या पब्लिक, म्हणजे सरकारी, हायस्कूलमध्ये एका काउन्सेलरकडे काही शे मुलं असतात, इथे मोजकी. कुठे अर्ली डिसिजन टाकायचं, निबंधात काय लिहायचं नाही, सगळं बसून सांगतात. अर्ली डिसिजन म्हणजे एकाच कॉलेजला आधी अर्ज करायचा, त्यांनी घेतलं तर बहुधा जायलाच लागतं, दुसऱ्या कॉलेजने किती एड दिली असती ते बघायची सोयच नाही, म्हणजे ज्याला पैशाचं बघावं लागत नाही त्याची चैन. नर्सिंग होमवाल्या आईची मुलगी तिथे परत मागेच. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही, माझ्या मुद्द्याला अडचण झाली असती. सर्व्हिस अवर्सचं, म्हणजे समाजसेवेच्या तासांचं, पण लिहिलं नाही. शाळेतली मुलं शनिवारी फूड पँट्रीत (गरजूंना फुकट अन्न देतात तिथे) जाऊन डबे भरतात, तास मोजून सही घेतात. बऱ्याच जणांना गरीब माणूस फक्त तिथेच भेटतो, सही करून घेण्यापुरता.

ग्रुपवर एकाने मात्र मला बरोबर पकडलं. म्हणे, तुमची शाळा परीक्षा घेते, इंटरव्ह्यू घेते, गरिबांतले हुशार तेवढे वेचून घेते, आमच्याकडे लॉटरी आहे. खरंय. आयएसईई नावाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, निबंध, शिक्षकांची शिफारस, सगळं. पण मला सांगा, सहा वर्षांच्या पोराची हुशारी मोजणार कशाने? आणि दीड लाख भरणाऱ्याच्या पोरीची मोजली होती का? चेक वटला, ती हुशार. दुसरा मुद्दा पैशांचा, तो पण मान्य. सरकार आपल्याकडे एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये देतं आणि तेही वेळेवर देत नाही, थकबाकीसाठी शाळा वर्षानुवर्षं भांडतायत. छोट्या शाळांचं त्यात खरंच मरण होतं. मग मंत्रालयासमोर जाऊन बसा ना, त्याचा राग पहिलीतल्या पोरावर कशाला?

मला खरं काय झोंबलं ते वेगळंच आहे. हा ग्रुप कुठला? नाशिकच्या एका अनुदानित मराठी शाळेतला. आमच्या वर्गात सिव्हिल सर्जनचा मुलगा होता, भद्रकालीतल्या चहावाल्याचा होता, आडगावहून सायकल मारत येणारे दोघं होते, आणि कोणी कायदा केला नव्हता, फीच एवढीशी होती की सगळे तिथेच यायचे. जूनमध्ये बाई ईबीसीचे, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या फी माफीचे, फॉर्म वाटायच्या, नावं मोठ्याने वाचून. निम्मा वर्ग उठायचा. मग तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणायचा, तो उशिरा आणला की परत सगळ्यांसमोर नाव. आज दुपारची तुकडी काढा म्हणणारा त्या निम्म्यात होता. मी पण होते. कोणाला कॉम्प्लेक्स आल्याचं आठवत नाही, आला असेल तर तो आत्ता ग्रुपवर बाहेर पडतोय.

त्या शाळेत आता ह्या ग्रुपमधल्या एकाचंही मूल नाही. माझं तर नाहीच नाही, मी कोणत्या तोंडाने बोलते. मराठी शाळेच्या रियुनियनला मी झूमवरून भाषण ठोकलं, बाकावरच्या दिवसांबद्दल, आणि ते संपल्या संपल्या लेकीला "हरी अप, कारपूल लाईन" म्हणून ओरडले.

आणि हे इथे लिहिते, ग्रुपवर नाही लिहिणार. आम्ही एडवर आहोत. २०२५ च्या सुरुवातीला डीसीच्या आसपास फेडरल कंत्राटांवर कुऱ्हाड पडली त्यात नवऱ्याचं काम गेलं, पुढे मिळालं ते बरंच कमी पगाराचं, माझी नोकरी पार्टटाईम. लेकीला शाळेतून काढायचं ठरवत होतो तर तिच्या अॅडव्हायझरने सांगितलं की आधी अर्ज तरी करा. घराची किंमत किती, कर्ज किती राहिलं, गाड्या कुठल्या सालच्या, रिटायरमेंटला किती साठवलंय, सगळं लिहायचं. सासऱ्यांना सांगलीला दर महिन्याला पाठवतो ते कुठल्या रकान्यात घालायचं ह्यावरून आमचं रात्री भांडण झालं. निम्म्याच्या आसपास फी माफ झाली. पत्र गोपनीय असतं, बाई नाव मोठ्याने वाचत नाहीत, हे मात्र मला ईबीसीपेक्षा बरं वाटलं.

मंडळाच्या गणपतीत एक काकू म्हणाल्या, "पब्लिक शाळा एवढ्या चांगल्या असताना प्रायव्हेट? तुमचं बरंय हो!" मी हसले, मोदकाचं ताट पुढे केलं, आणि खोटं कशाला बोलू, मला ऐकायला छान वाटलं. त्यांना वाटूदे. शाळेसाठी पैसे जमवायच्या ऑक्शनला (लिलावाला) मात्र आम्ही दोघं पाणी पीत उभे असतो, तिथे लोक वर्षभराच्या राखीव पार्किंग स्पॉटवर बोली लावतात आणि आम्ही येताना वीस मिनिटं पार्किंग शोधलेलं असतं. दरवर्षी इंटरनॅशनल नाईटला इंडिया टेबल माझ्याकडे, समोसे मागवते, साबुदाणावडे करून नेले तर कोणी हात लावत नाही. लेकीचा क्रॉस कंट्रीतला फोटो शाळेने माहितीपत्रकात टाकलाय, घामाघूम, दात दिसतायत, फार गोड आलाय. पण तो का निवडला ते मला कळतं. बालवाडीपासून तिथे असलेल्या मुलांना लायफर म्हणतात, त्यांचे एवढे फोटो नसतात. नाशिकची शाळा पोळीवाल्या मावशींच्या नातवाचा फोटो छापणार नाही, ह्यांनी आमच्या पोरीचा छापला, ह्यात जास्त प्रामाणिक कोण ते मला ठरवता येत नाही.

काल रात्री त्या मित्राने मला पर्सनलवर मेसेज केला. मावशींचा नातू म्हणे घरी आला होता, धाकटीबरोबर कॅरम खेळला, "पोरगं चांगलंय गं, पण आठवीनंतर काय? आरटीई आठवीपर्यंतच ना? नववीला ह्याची फी कोण भरणार?" आठवड्याभरात त्याने विचारलेला हा पहिला धड प्रश्न. कायदा चौदा वर्षांपर्यंतचा, पुढे शाळा पावती हातात देते आणि पोराने आठ वर्षं ज्यांच्याबरोबर काढली त्यांना सोडून दुसरी शाळा शोधायची. वेगळी तुकडी काढायच्या ऐवजी ह्या ग्रुपने, जो दर रियुनियनला हॉटेलचं लॉन बुक करतो, ह्याच्यावर डोकं चालवलं तर मी पण पैसे पाठवीन, फार नाही पण पाठवीन. त्याला तेवढंच लिहिलंय, त्याने अंगठा टाकलाय. आमची एड पण वर्षावर्षाची असते, दरवेळी नव्याने अर्ज. ह्या वर्षीचा फॉर्म उघडून ठेवलाय आणि नवऱ्याच्या जुन्या कंपनीचा डब्ल्यू-टू, म्हणजे वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, अजून आलेला नाही.