तिसऱ्यांदा वाचलेला दिग्या

दिग्या तिसऱ्यांदा वाचला. लहानपणी विहिरीत, कॉलेजात असताना शॉक लागून, आणि आता बाइकवरून. डावा हात प्लास्टरमध्ये, आत खाज सुटली की फूटपट्टी घालून खाजवतो. कट्ट्यावर टेकला तोच बंड्या म्हणाला, "लेका, दोरी बळकट आहे तुझी. नशीबवान!"

"नशीबवान तू," फूटपट्टी बाहेर काढत दिग्या म्हणाला. "तुला आजवर साधं खरचटलं नाही."

झालं, पेटली.

बंड्याकडे दाखले तयारच असतात. व्हायोलेट जेसॉप, जहाजावर प्रवाशांची सरबराई करणारी कर्मचारी. 1911 साली 'ऑलिंपिक'ला युद्धनौका धडकली तेव्हा ती त्यावर होती, 1912 साली 'टायटॅनिक'वर आणि 1916 साली 'ब्रिटानिक'वर. तिन्हींतून सुटली, 83 वर्षं जगली. "याला नशीब नाही तर काय म्हणायचं?"

"नोकरी म्हणायचं," मास्तर म्हणाले. तिन्ही जहाजं एकाच कंपनीची आणि बाई तिथेच कामाला. ऑलिंपिक तर बुडालंसुद्धा नाही, आपलं आपण बंदरात परतलं. जिवावर बेतलं ते ब्रिटानिकवर. लाइफबोट जहाजाच्या फिरत्या पंख्याकडे ओढली जायला लागली, हिनं पाण्यात उडी टाकली आणि डोकं जहाजाच्या तळावर आपटलं. कवटीला तडा गेला होता हे कळलं कैक वर्षांनी, डोकं दुखतं म्हणून डॉक्टरकडे गेली तेव्हा.

"आणि टायटॅनिकवर पहिल्याच फटक्याला गेले ते दीड हजार?" मास्तर थांबेनात. "त्यांच्यावर दुसरा प्रसंग येणार कुठून? अशा यादीत वाचलेलेच असतात."

मुद्दा बिनतोड. पण दिग्याला त्याचं काय? त्याचा हात यादीत नाही, गळ्यात आहे.

अण्णांनी यामागुची काढले. कामानिमित्त हिरोशिमात, तिथला शेवटचा दिवस, 6 ऑगस्ट 1945. भाजलेल्या अंगानं घरी नागासाकीला पोचले. 9 तारखेला ऑफिसात साहेबाला सांगताहेत की एका बॉम्बनं सगळं शहर गेलं, साहेबाचा विश्वास बसत नाहीये, आणि तेवढ्यात दुसरा पडला. "93 वर्षं जगले," अण्णा म्हणाले. "काळ आला होता, वेळ नव्हती आली."

"पण अण्णा, काळ दोनदा येतोच कसा? ते नाही मोजायचं?" दिग्या.

मला इथे दिग्याचंच पटलं. वाचणं हे नशीब धरायचं, तर सापडणं कोणाच्या खात्यावर मांडायचं? म्हणून मी रॉय सलिव्हन सांगितला. अमेरिकेतल्या जंगलातला रेंजर, 1942 ते 1977 दरम्यान सात वेळा अंगावर वीज. एकदा केसच पेटले, तेव्हापासून पाण्याचा कॅन सोबत ठेवायचा. वीज पडलेले बरेचसे जगतात, त्यामुळे वाचण्यात तसा चमत्कार कमीच. पण पुढे पुढे लोक त्याच्याजवळ उभं राहायला घाबरायचे. आकाशात गडगडलं की सोबतचा माणूस काढता पाय घ्यायचा.

दिग्यानं फूटपट्टी खिशात घातली.

"बुधवारी प्लास्टर निघतंय. गाडी दुरुस्त होऊन आलीये. बंड्या, पहिल्या राइडला मागे बसतोस?"

बंड्यानं मोबाइल काढला. मास्तरांना एकदम किती वाजले ते बघायचं होतं.