'नाचून काय होणार?' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पार्किन्सन्स आणि नृत्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की नाचून हा आजार जात नाही, असलं वाचून लोक गोळ्या सोडतील, आणि थरथरत्या म्हाताऱ्या माणसांना नाचायला लावणं ही त्यांची थट्टा आहे.

पहिलं म्हणणं मान्य. त्या लेखाच्या शीर्षकातला 'मात' हा शब्द चुकलाच होता, आज बदलला. हालचालींसाठी लागणारं डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या मेंदूतल्या पेशी एकदा गेल्या की नाचून परत येत नाहीत. माझ्या बाबांना पार्किन्सन्स आहे; त्यांच्या सिंडोपा या गोळीची वेळ आमच्याकडे कधी चुकत नाही. उलट गोळीचा असर चांगला असेल तेव्हाच आम्ही नृत्याच्या वर्गाला जातो.

पण बाबा न्हाणीघराच्या उंबऱ्याशी अडतात तेव्हा काय होतं ते सांगते. पाय जमिनीला चिकटतात. "चला ना, टाका पाऊल" म्हटलं की आणखीच घट्ट. मग आई मागे उभी राहून हळू टाळी धरते, "ज्ञानोबा माउली तुकाराम", आणि दुसऱ्या फेरीला उजवा पाय सुटतो. यात चमत्कार काही नाही. चालण्यासारख्या सवयीच्या हालचाली मेंदूचा जो भाग आपसूक चालवतो, तोच डोपामिनवाचून अडखळतो. ठेका बाहेरून आला की पाऊल कधी उचलायचं हे त्याच्या एकट्यावर राहत नाही. अमेरिकेत सेंट लुईसच्या संशोधकांनी रुग्णांना टँगो हा जोडीनं करायचा नाच शिकवून पाहिला, त्यात रुग्णांचा तोल सुधारलेला दिसला. अभ्यास छोटे होते, हेही खरं. पण थांबणं, पुन्हा निघणं, मागे पाऊल टाकणं, वळणं, नेमकं जे या आजारात जड जातं तेच टँगोत सारखं करावं लागतं.

थट्टेचा मुद्दा मात्र मला लागला. ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने 2001 साली असे वर्ग सुरू केले, पुण्यात हृषीकेश पवार यांनी ते घेतले. तिथे कुणाला नाचवून गंमत बघत नाहीत. बरंचसं खुर्चीत बसूनच असतं. चालताना बाबांचा डावा हात अंगाला चिकटलेला असतो. परवा वर्गात तो पसरता पसरता शेजारच्या काकूंच्या हाताला लागला आणि दोघं हसली. पार्किन्सन्सने चेहरा कोरा झालेल्या माणसाचं ते हसू होतं. घरात रुग्णाची काळजी घेणाऱ्या आम्हा शुभंकरांना त्याची किंमत कळते.

तुमच्या भावालाही पार्किन्सन्स आहे असं तुम्ही लिहिलंय. डॉक्टरांना विचारा, आणि ते हो म्हणाले तर आधी खुर्चीत बसवूनच त्याच्या आवडत्या भजनावर पायांनी ठेका धरायला सांगा. उभं राहायचं असेल तेव्हा शेजारी कुणीतरी असू द्या.