नरकासुर जळला, वाद उरला

फोंड्याला तिस्कावर आम्ही बसतो तिथे नरकचतुर्दशीच्या सकाळी नरकासुराच्या पुतळ्यांची राखच राख होती. रात्रभरच्या डीजेने कान बसलेले. तरी चार घरचे फोव खाऊन सगळे कट्ट्यावर आलेच. विषय पेपरातल्या माफीचा: एका बाईंचं वाईट करणाऱ्या माणसाला माफ करावं की नाही. पेपर सगळ्यांनी वाचला होता.

"दुष्ट असं कोणी नसतंच," पात्रांव म्हणाले. शिबिराहून आल्यापासून ते डोळे मिटून बोलतात. "जे घडलं ते स्वीकारा. क्षमा आपसूक पाझरते."

"मग पहाटे जाळलात तो कोण?" वकिलाने विचारलं.

दोतोर मध्ये पडला. मेंदू, बालपणीचा मार, दारू, त्याने सगळं मांडलं. वकील ऐकत राहिला. मग म्हणाला, "ताप डासामुळे आला हे कळलं म्हणून ताप नव्हताच, असं पेशंटला सांगतोस?"

दोतोर हसला, पण हटला नाही. "पण तू त्याला राक्षस ठरवतोयस."

"उलट! राक्षस म्हटलं की आपण सुटतो. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं ते छळणारं धर्मन्यायालय, १५६० ला सुरू झालं, मधली चारेक वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. इतकी वर्षं एक राक्षस पुरला असता? कारकून होते, दप्तर होतं. पोरांना मांडीवर घेणारीच माणसं ती. दुष्टपणा खराच असतो बाबा, आणि तो माणसंच करतात."

मला हे आतून पटलं. आमच्या घरात एकाने माझ्या वडिलांची खोटी सही मारून भाट, म्हणजे आमची माडांची बाग, विकलं. बारा वर्षं मी 'जाऊ दे' म्हणत आलो. ती क्षमा नव्हती. त्याने काय केलं ते तोंडाने म्हणायची मला भीती वाटत होती.

मास्तरांनी पसायदान काढलं. "ज्ञानदेव म्हणतात, खळांची व्यंकटी सांडो. खळ सांडो म्हणत नाहीत."

"बरोबर," वकील म्हणाला. "पण खळ म्हणतात ना मास्तर? आधी खळ म्हटलं, मग त्याचा वाकडेपणा जावो म्हणून मागितलं. पात्रांव पहिला शब्दच गाळतात."

"पोपने तर गोळी घालणाऱ्याला माफ केलं!" पात्रांवांनी डोळे उघडले. पोप जॉन पॉल १९८६ साली गोव्यात आले होते, तेव्हापासून हा दाखला त्यांच्या खिशात असतो.

"केलं," वकील म्हणाला. "१९८३ साली तुरुंगात जाऊन त्याच्याशेजारी बसले. आणि उठून आले तेव्हा तो तुरुंगातच राहिला, २००० सालापर्यंत इटलीच्या. ज्याला गोळी लागली त्याने माफ केलं, तुम्ही-आम्ही नव्हे. पेपरातल्या त्या बाईंच्या वतीने माफ करायला पात्रांवांना वकीलपत्र कोणी दिलं?"

यावर कोणी बोललं नाही. भजी आली. दोतोरने मिरची माझ्याकडे सरकवली.

मास्तर म्हणाले, "सकाळी तुळशीपुढे कारीट फोडलंत ना? जिभेला लावलंत?"

"शी! कडू असतं ते," पात्रांव म्हणाले.

"मग स्वीकारलंत काय?"

मास्तरांना चेव चढला. "भागवतात नरकासुर मेल्यावर भूमाता नातवाला घेऊन येते. भगदत्ताला. कृष्ण त्याला अभय देतो. मुलाला मारलं, नातवावर राग धरला नाही."

"आणि तोच भगदत्त पुढे कौरवांकडून लढला!" दोतोर ओरडला.

"लढला. म्हणून अभय चुकलं का?" वकिलाने विचारलं.

उत्तर पात्रांव देणार होते, पण त्यांचा आवाज एकदम चढला. "अभयाचं यांनी सांगू नये! पंधरा वर्षांपूर्वी स्पर्धेत आमच्या नरकासुराला दुसरा नंबर कोणी दिला? मास्तरांनी! डोळे फिरत होते त्याचे! मोटर मी बसवली होती!"

"नरकासुर पहिलाच होता हो," मास्तर म्हणाले. "पण तुम्ही कृष्ण आणायला विसरलात. मारणार कोण होतं त्याला?"

दोतोरला ठसका लागला, चहा वकिलाच्या नव्या शर्टावर. पात्रांव म्हणाले, "कृष्ण टेम्पोत होता! टेम्पो कुर्टीला बंद पडला!" आणि स्वतःच हसायला लागले.