झणझणीत मासळी पास्ता, क्रीम आणि चीजशिवाय

मासळीच्या पास्त्यात क्रीम ओतू नये आणि वरून चीज किसू नये, असे माझे ठाम मत आहे. गेल्या महिन्यात एका उपाहारगृहात तिखट मासळी पास्ता मागवला, तर कोळंबी पांढऱ्या घट्ट सॉसमध्ये इतकी बुडालेली होती की तिच्या जागी पनीर असते तरी चवीत फरक कळला नसता. पैशांपेक्षा त्या कोळंबीचे वाईट वाटले.

हा पदार्थ ज्या किनाऱ्यांवर घडला, तिथली रीत साधी आहे. नेपल्सला तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांचा पास्ता लसूण, ऑलिव्ह तेल, थोडी पांढरी वाइन आणि पार्स्ली एवढ्यावर होतो. दक्षिणेकडच्या कालाब्रियात लाल मिरचीचा हात सढळ असतो. मासळीवर चीज घालणे इटलीत सहसा अयोग्य मानतात. आपल्याकडे तरी तिसऱ्यांच्या सुक्यात दुधातुपाचे काही कोण घालते? शिंपल्यांतून सुटलेले खारट पाणी ओतून न देता सुक्यात वापरावे, हे कोकणातल्या स्वयंपाकघरांना कुणी शिकवावे लागत नाही, आणि पास्त्याचेही मर्म नेमके तेच आहे.

दोन माणसांसाठी मी २०० ग्रॅम स्पॅगेटी, पाव किलो सालासकट कोळंबी आणि दोन मुठी तिसऱ्या घेते. तिसऱ्या तासभर मिठाच्या पाण्यात ठेवल्या की वाळू सोडतात. ज्यांचे तोंड उघडे आहे आणि टिचकी मारूनही मिटत नाही, त्या टाकून द्याव्यात. कोळंबी सोलून काळा धागा काढावा, पण डोकी आणि साले कृपा करून फेकू नयेत. ती दोन चमचे तेलात परतून चमच्याच्या पाठीने दाबली की तेल केशरी होते, कारण कोळंबीचा रंग तेलात विरघळणारा आहे, आणि त्या रंगाबरोबर डोक्यातला सगळा रसही उतरतो. त्यात दीड वाटी पाणी घालून दहा मिनिटे उकळावे आणि गाळून घ्यावे. बाजारातल्या कोणत्याही तयार सॉसमध्ये मला ही चव मिळालेली नाही.

तोवर दुसऱ्या पातेल्यात २ लिटर पाण्याला उकळी आणून त्यात २० ग्रॅम मीठ घालावे. पास्ता पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दोन मिनिटे आधीच काढायचा असतो, म्हणजे उरलेला तो सॉसमध्ये शिजतो आणि चव आत ओढून घेतो. त्याचे पाणी ओतून देऊ नये, कारण त्यात उतरलेला स्टार्च तेल आणि रस यांना एकजीव करतो. क्रीममुळे जो दाटपणा येतो असे लोकांना वाटते, तो या डावभर पाण्यानेही येतो.

पसरट कढईत ऑलिव्ह तेल मंद आचेवर तापवून पाचसहा लसणाच्या पाकळ्यांचे काप आणि भरड कुटलेली सुकी मिरची घालावी. मिरचीचा तिखटपणा तेलात विरघळतो, म्हणून ती सुरुवातीलाच तेलात पडायला हवी. शेवटी वरून भुरभुरलेली मिरची नुसती जिभेला झोंबते. मी रंगासाठी दोन बेडगी आणि तिखटासाठी एक लवंगी घेते. लसूण तांबूस होण्याआधीच दोन चिरलेले टोमॅटो घालावेत, कारण जळलेल्या लसणाचा कडवटपणा नंतर कशानेही जात नाही. टोमॅटो मऊ झाले की गाळलेला रस आणि तिसऱ्या घालून झाकण ठेवावे. तीनचार मिनिटांत शिंपले उघडतात. जे उघडत नाहीत ते काढून टाकावेत.

मग पास्ता आणि डावभर पाणी घालून मोठ्या आचेवर हलवत राहावे आणि कोळंबी अगदी शेवटच्या दोन मिनिटांत घालावी. ती इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वळली की झाली; गोल वेटोळे झाले की रबरासारखी चिवट लागते. तिसऱ्यांचे पाणी मुळात खारट असते, त्यामुळे मीठ चाखल्याशिवाय घालू नये. गॅस बंद करून कच्च्या ऑलिव्ह तेलाची धार, लिंबाचे चार थेंब आणि पार्स्ली किंवा थोडी कोथिंबीर घालावी.

तिसऱ्या आधी भिजवून ठेवल्या आणि कोळंबी साफ करून ठेवली, तर हे सगळे अर्ध्या तासात होते. ताटे मात्र आधीच मांडून ठेवावीत, कारण हा पास्ता पाच मिनिटे जरी थांबला तरी सगळा रस पिऊन कोरडा होतो.