मुंबई–न्यूयॉर्क: तो ‘वळसा’च सर्वांत जवळचा रस्ता आहे

विमानातल्या पडद्याच्या फोटोसह एक मेसेज पुन्हा फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारं विमान सरळ पश्चिमेला न जाता उत्तरेला वळसा घालतं, ते तिकिटाचे पैसे वाढवायला. शिवाय पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे पश्चिमेला जाताना वेळ कमी लागायला हवा. उलट जास्त लागतो. विचार करा!’ माझी आई पहिल्यांदाच ताईकडे निघाली आहे. हा मेसेज वाचून तीही काळजीत पडली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वळसा. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर शिवणाचा दोरा घ्या. एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि हळूहळू ताणा. भिंतीवरच्या नकाशात सरळ वाटणाऱ्या अरबस्तान–उत्तर आफ्रिकेच्या वाटेवर दोरा टिकतच नाही. ताण बसला की घसरून वर सरकतो आणि दक्षिण फिनलंड, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक असा जाऊन बसतो. मी दोन्ही वाटांचं गणित करून पाहिलं. दोऱ्याची वाट साधारण 12,500 किलोमीटर भरते, नकाशावरच्या सरळ रेषेची 14,200. म्हणजे मेसेजवाल्यांचा ‘सरळ’ रस्ता धरला तर जवळपास दोन तास जास्त उडावं लागेल. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना उत्तरेकडचा भाग ताणला जातो, म्हणून जवळची वाट तिथे कमानीसारखी दिसते.

विमान दरवेळी नेमकं दोऱ्यावरूनच जातं असं मात्र नाही. वारा पाहावा लागतो, बंद हवाई हद्दी टाळाव्या लागतात. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या आपल्या विमानांना आधी अरबी समुद्राकडे वळावं लागलं. हा खरा वळसा, आणि त्याचं जादा इंधन कंपन्यांच्याच अंगावर पडलं. इंधन हा त्यांचा सगळ्यांत मोठ्या खर्चांपैकी एक. तो कोण मुद्दाम वाढवेल?

आता पृथ्वीचं फिरणं. मुंबईची जमीन ताशी सुमारे 1,580 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जातेय. धावपट्टीवरचं विमान, आतली माणसं आणि वरची हवा, सगळं तिच्याबरोबरच. धावत्या लोकलमध्ये शेंगदाणा वर उडवला तर तो मागच्या डब्यात जात नाही, आपल्याच हातात पडतो. तसंच हे.

फरक पडतो तो वाऱ्याने. साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण आपल्याच एअर इंडियाचं. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, अंतर सुमारे 13,900 किलोमीटर. ऑक्टोबर 2016 मध्ये ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. अंतर 15,300 किलोमीटरवर गेलं, तरी वारा पाठीशी असल्याने प्रवास साडेचौदा तासांत झाला, आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर. वाट लांबली आणि वेळ वाचला. पृथ्वीच्या फिरण्याने वेळ ठरत असता तर पूर्वेला जाताना तो वाढायला हवा होता.

आईच्या तिकिटावर जाताना सोळा तास आहेत, येताना साडेचौदा. मधला दीड तास याच वाऱ्याचा, हे तिला दोरा धरूनच समजावलं.