खुब्याची झीज वर सरकत नाही

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरतोय. खुबा झिजला की झीज वर सरकत कमरेच्या एसआय (सॅक्रोइलियाक) सांध्यात, म्हणजे कण्याचा तळ कटीच्या हाडाला जोडणाऱ्या सांध्यात जाते, एक्सरेत ती दिसतेच, आणि हाडवैदाकडून तो सांधा 'बसवून' घेतला की दोन्ही दुखणी थांबतात.

झीज म्हणजे वाळवी नव्हे, ती सरकत नाही. संबंध मात्र खरा आहे, आणि तो भाराचा आहे. खुबा उखळीचा सांधा, चौफेर फिरणारा. एसआय सांधा माकडहाडाच्या वर दोन्ही बाजूंना. त्याची हालचाल जेमतेम २ ते ४ अंश. मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा किंवा उखळीच्या कडेचा आकार बिघडून खुबा आत वळेनासा झाला, की भांगलणीला उकिडवं बसताना तो पीळ वरच्या सांध्याला सोसावा लागतो. अशा रुग्णांच्या एसआय सांध्यात झिजेच्या खुणा बऱ्याचदा सापडतात त्या यामुळे.

पण खूण दिसली म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं, असं नाही. वय वाढलं की कसलीच तक्रार नसलेल्यांच्या फोटोतही ती दिसते. खुबा बहुधा जांघेत दुखतो, कधी तर नुसता गुडघाच दुखतो; एसआयचं दुखणं कमरेच्या खळगीखाली, कुल्ल्यात. तरी शंका उरली तर डॉक्टर एका सांध्यात भुलीचं इंजेक्शन देऊन दुखणं थांबतं का ते बघतात.

'बसवणं' तर सोडाच. मोठा अपघात वगळता हा सांधा जागेवरून निखळत नाही. दाबून-ओढून थोडा आराम पडतो, पण हाडांची जागा मोजली तर होती तिथेच.

दिशेचंच बोलायचं तर अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस या संधिवातात ती नेमकी उलटी: बहुधा आधी एसआय सांधा, मग काहींचा खुबा. ही झीज नव्हे, सूज. तरुण वय, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली कंबर, हालचालीने मोकळं वाटणं, ही तिची लक्षणं.

मला धास्ती आहे ती एव्हीएनची, म्हणजे रक्ताविना खुब्याचा गोळा मरण्याची. स्टेरॉइड किंवा दारूमुळे गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, तिशीतल्या माणसाची जांघ दुखू लागते आणि सुरुवातीचा एक्सरे स्वच्छ येतो. एमआरआयमध्ये ते कळतं, आणि त्यासाठी मिरजेच्या पुढे जावं लागत नाही. गोळा खचण्याआधी खुबा वाचवायची संधी असते. हाडवैदाकडे महिने घालवून तो खचला, तर बहुतेकदा बदलावाच लागतो.